एक उणं

१

घुमीचे बाबा दारं, खिडक्या आणि कपाटं करायचे ती पोटासाठी. लाकडाच्या मोटारसायकली ते कशासाठी करायचे, हे मात्र घरात कोणालाच धड सांगता आलं नसतं. आई म्हणायची, "कोणाला पत्त्यांचा नाद असतो, कोणाला बाटलीचा. आमच्याकडे भुसा येतो, एवढंच. आणि माझी कात्री जाते." कारण कागदाचे फर्मे कापायला बाबा तिची शिवणाची कात्री न विचारता न्यायचे आणि तिची धार घालवून परत आणायचे.

मोटारसायकली खेळण्यातल्या नव्हत्या, खऱ्याएवढ्या होत्या. पन्नास-साठ वर्षांपूर्वी रस्त्यावर धावणाऱ्या आणि आता फक्त फोटोत उरलेल्या गाड्या. टाकी, इंजिनाच्या पाकळ्या, साखळीची कडी न् कडी, चाकाचा एकेक आरा, स्क्रूच्या डोक्यावरची चीरसुद्धा लाकडात. पाहणारा जवळ यायचा, टाकीला हात लावायचा आणि झटकन मागे घ्यायचा. हाताने लोखंडाच्या गारव्याची तयारी केलेली असायची आणि लागायचं ते कोमट लाकूड.

शाळेतून आल्यावर घुमी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसायची. वय चौदा. खरं नाव शाळेच्या कागदांवर होतं. बोलायची कमी, म्हणून आत्याने लहानपणी ठेवलेलं 'घुमी' तेवढं टिकलं. वर्गात तिचा क्रमांक सत्तावीस. सर पुकारायचे, ती 'हजर' म्हणायची आणि ते तिच्या पुढच्या बाकापर्यंतसुद्धा पोचायचं नाही. आठवड्यातून एकदा तरी तिची गैरहजेरी लागायची. ती दुरुस्त करून घ्यायला ती कधी उभी राहिली नाही.

पण हात बोलका होता. पॉलिश पेपर मारता मारता ती पटाशी धरायला शिकली. या वेळच्या गाडीच्या मीटरवरचे आकडे बाबांनी तिलाच कोरायला दिले होते. ही सातवी गाडी. टायपिंगच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी ती करायला सांगितली होती. सगळे त्यांना टायपिस्टबाई म्हणत. त्यांचा मोठा भाऊ तरुणपणी मोटारसायकलवरून गेला तो आलाच नाही. ना तो सापडला, ना गाडी. उरला होता एक फोटो. मीटरवर आकडा कोणता घालायचा, असं बाबांनी विचारलं, तर त्या म्हणाल्या, "कुठलाही घाला. पण आपल्या अक्षरांत घाला, मला चष्म्याशिवाय वाचता आला पाहिजे." घुमीने स्वतःचा हजेरीचा क्रमांक कोरला. ०००२७. तिच्या साताची शेपूट जरा जास्तच लांब येते, तशीच ती लाकडातही आली.

बाबांचा एक नियम होता. प्रत्येक गाडीत एक उणं ठेवायचं. पहिलीला किल्लीचं भोक नव्हतं. दुसरीच्या सायलेन्सरचं तोंड बुजवलेलं. तिसरीचा एक ब्रेक गायब.

"ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या मोठ्या मिस्त्रींनी शिकवलं," बाबा म्हणायचे. "वस्तू हुबेहूब करावी, पण पुरी करू नये. आपण लाकूड आहोत हे तिला आठवत राहिलं पाहिजे."

"नाहीतर काय होतं?"

"ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सगळंच विचारत बसलो असतो तर रंधा कधी धरला असता?"

या सातव्या गाडीचं उणं म्हणजे किक. किकच्या जागी नुसतं बोटभर भोक होतं.

२

गाडी बाईंकडे पोचवायच्या आधी तीन दिवस वाचनालयाच्या हॉलमध्ये ठेवली होती, लोकांना पाहायला. घुमीचा वर्गही पाहायला गेला. सरांनी आराखड्याबिराखड्याबद्दल चार शब्द सांगितले. मुली टाकीवरून हात फिरवत होत्या. घुमी खांबाआड उभी राहून ते पाहत होती, आणि तिला छातीत काहीतरी फुगल्यासारखं वाटत होतं.

मग गॅरेजवाल्याची मुलगी वाकली. तिला गाड्यांतलं कळत होतं, आणि आपल्याला कळतं हे जगाला कळलं पाहिजे असंही तिला वाटत होतं.

"अगं, हिला किकच नाही!"

"कशाला हवी? लाकडाची तर आहे," कोणीतरी म्हणालं.

"म्हणजे काय! विसरले वाटतं मिस्त्री. काय गं घुमे, तुझे बाबा ढकलत नेतात का गाडी? का टांग टाकून 'घुर्र घुर्र' म्हणतात तोंडाने?"

सगळा वर्ग हसला. सरांनी डोळे वटारले, पण त्यांच्याही ओठाचा कोपरा हललाच. घुमीला सांगता आलं असतं: ते विसरत नाहीत, ते मुद्दाम ठेवतात. सात शब्दही लागले नसते. पण सगळे तिच्याकडे पाहत होते, आणि त्या नजरांतून सुटायचा जो पहिला रस्ता दिसला तो तिने धरला.

तीही हसली.

नुसती हसली नाही. "विसरतात ते," असं म्हणालीसुद्धा. आणि नेमकं तेवढं वाक्य, आयुष्यात पहिल्यांदा, सगळ्यांना ऐकू गेलं. हॉलच्या दाराशी बाबा उभे होते की नाही, हे तिने वळून पाहिलं नाही.

त्याच संध्याकाळी तिने शिसवीचा एक उरलेला तुकडा उचलला. दोन दिवसांत किक केली. तुकड्यात खालच्या बाजूला एक गाठ होती. गाठ फोडली तर तुकडा फुटला असता, म्हणून तिने किक तिथे थोडी आत वळवून घेतली. शेवटच्या दिवशी हॉलमध्ये, बाबा टेम्पोवाल्याला बोलवायला गेले तेवढ्यात तिने सरस लावला, किक भोकात बसवली, वर गोधडी गुंडाळली आणि दोरी बांधली.

सरस धरायला घटकाभर लागतो. तिने दाबून धरली होती ती किक, तर हाताखाली एकदा हलकासा धक्का बसला. झोपेत माणसाचा पाय उडतो ना, तसा. सुकताना लाकूड सरकतं, तिने स्वतःला सांगितलं. आणि लगेच टेम्पो आला.

३

टायपिस्टबाईंचं घर तळमजल्यावर, दोन खोल्यांचं. गाडी चौघांनी उचलून बाहेरच्या खोलीत भिंतीशी लावली. गोधडी बाईंनी काढू दिली नाही. "माझ्या हातांनी उघडते. तुम्ही आता जा. मी रडेन, आणि मला कोणी बघितलेलं आवडत नाही." त्यामुळे बाबांना किक दिसली नाही.

आठ दिवसांनी जाऊन सांधे तपासायचे, ही बाबांची पद्धत. नव्या घरातली हवा लागली की लाकूड फुगतं, आक्रसतं. घुमीला ते नेहमी बरोबर न्यायचे, पॉलिशची बाटली धरायला.

गाडी भिंतीशी नव्हती. खोलीच्या मधोमध आली होती, तोंड दाराकडे करून. किकची बाजू सगळ्यांच्या समोर.

"कोणी सरकवली?" बाबांनी विचारलं.

"कोण सरकवणार? माझ्याने खुर्ची सरकत नाही." बाईंचा चेहरा उजळला होता, केस नीट विंचरले होते. "मिस्त्री, तुमच्या हाताला काय म्हणू? बाकी सोडा, पण ती किक! खाली जरा आत वळलेली. दादा एकदा पडला होता वळणावर, तेव्हा वाकली होती ती. फोटोत ती बाजूच नाही. मी तर तुम्हाला बोलले नव्हते. तुम्हाला कसं कळलं हो?"

बाबा किककडे बघत राहिले. मग त्यांनी घुमीकडे पाहिलं. घुमी फरशीच्या फटी मोजत होती.

"जमून गेलं," बाबा म्हणाले.

"जमून गेलं म्हणे! दादाचं सगळंच नीटनेटकं होतं बरं का. मला मागे बसवायच्या आधी रुमालाने सीट पुसायचा. दोनदा. एकदा पलीकडे, एकदा अलीकडे. मग म्हणायचा, 'या राणीसरकार.'"

बाई पाणी आणायला आत गेल्या. घुमीने डोळे वर केले ते मीटरवर गेले. ०००२९.

तिने कोरला होता तो सात. समोर नऊ होता. सावली पडली असेल म्हणून ती बाजूला सरकली, नऊ तिथेच. तिने बोट लावलं. आकडा कोरलेला होता, कडा गुळगुळीत होत्या, आणि नवाची शेपूट जरा जास्तच लांब होती. तिच्यासारखी. तिने लाकडात आजवर कधीच नऊ कोरला नव्हता.

४

घरी येताना दोन गल्ल्या ओलांडल्यावर बाबा शांतपणे म्हणाले, "किक कोणी लावली गं?"

हीच वेळ होती. पुढे कितीदा तरी घुमीने मनात ही वेळ परत आणली आणि दर वेळी खरं सांगितलं. पण त्या दिवशी तिला हॉलमधलं हसू आठवलं. किकचं सांगायचं म्हणजे ती का केली हे सांगायचं, आणि ते सांगायचं म्हणजे 'विसरतात ते' हे सांगायचं.

"मला काय माहीत," ती म्हणाली. "तुम्हीच लावली असेल. विसरला असाल."

बाबा चालायचे थांबले नाहीत. फक्त त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

आजोबाही सुतारच होते. शेवटी शेवटी त्यांना काही आठवेनासं झालं होतं. एका दुपारी हातातला रंधा उलटासुलटा करत त्यांनी बाबांना विचारलं होतं, "हे काय असतं रे?" ही गोष्ट बाबांनी घुमीला एकदाच सांगितली होती, आणि सांगताना भुसा झाडायच्या निमित्ताने तोंड फिरवलं होतं. घुमीला ती ठाऊक होती. ठाऊक असताना तिने नेमकी तिथेच पटाशी लावली.

दुसऱ्या दिवसापासून शेडमध्ये चिठ्ठ्या दिसायला लागल्या. 'सरस संपला.' 'दार लावणे.' 'खिडकीचं माप घेतलं, मंगळवारी.' एका घरचं कपाटाचं काम आलं, ते बाबांनी परत पाठवलं. आई म्हणाली, "अहो, झालंय काय तुम्हाला?" तर म्हणाले, "काही नाही, जरा विश्रांती घेतो." ज्या माणसाने तापातही रंधा सोडला नव्हता, तो माणूस.

एकदा घुमी शाळेतून आली, शेडचं दार लोटणार तेवढ्यात आतून आवाज आला. बाबा एकटेच होते. एकेक हत्यार उचलत होते आणि परत जागेवर ठेवत होते.

"रंधा. पटाशी. कानस. गुण्या." मग थोडं थांबून पुन्हा पहिल्यापासून. "रंधा. पटाशी."

घुमी दाराबाहेर उभी राहिली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात. जमीन काही दुभंगली नाही. ती मागच्या मागे घरात गेली आणि आईच्या शिवणाच्या चिंध्या आवरत बसली.

५

तिने विचार केला तो असा: किक जाऊन गुपचूप काढून आणायची. मग किक नाहीच, तर ती कोणी लावली हा प्रश्नही नाही. शरमेने पिचलेलं माणूस असेच हिशेब मांडतं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर ती बारीक करवत दप्तरात घालून बाईंकडे गेली. "ये गं, ये. चहा टाकते," म्हणत बाई आत गेल्या. घुमी गाडीपाशी बसली आणि तिने किकच्या मुळाशी नख घातलं.

सांधा नव्हता.

किक शिसवीची, काळी. गाडीचं ते अंग सागाचं, पिवळसर. पण पिवळ्यातून काळं कुठे सुरू होतं ते सांगता येत नव्हतं. लाकडाच्या रेषा गाडीतून निघून किकमध्ये वाहत गेल्या होत्या, फांदी खोडातून निघते तशा. तिने बोट फिरवलं, थुंकी लावून पुसलं, पुन्हा पाहिलं. सरसाची रेघ नाही, फट नाही. जणू झाडच या आकारात वाढलं होतं.

मग तिला मूठ दिसली. हँडलच्या उजव्या मुठीला चकाकी आली होती. पॉलिशची नव्हे, पॉलिश तिनेच मारलं होतं, ते ती ओळखायची. ही हात लागून लागून येणारी चकाकी. जुन्या रंध्याच्या दांड्याला वीस वर्षांनी येते ती. गाडी येऊन पंधरा दिवसही झाले नव्हते. बाई रोज हात फिरवत असतील, तिने मनात म्हटलं. फक्त उजवीकडेच का फिरवतील, हे मात्र तिने मनात म्हटलं नाही.

मीटरवर ०००३४. तीन आणि चारसुद्धा तिच्याच वळणाचे.

"रविवारी जरा बाहेर जाईन म्हणते," स्वयंपाकघरातून बाई मोठ्याने बोलत होत्या. "किती वर्षं झाली, या गल्लीच्या पलीकडे गेले नाही. तो म्हणतोय चल. मी म्हटलं, माझे गुडघे बघ. तर म्हणाला, तुला कुठे चालायचंय?"

"कोण म्हणालं?" घुमीने विचारलं. इतक्या हळू, की ते बाईंना ऐकू गेलंच नसणार.

"तो गं," बाई म्हणाल्या.

करवत दप्तरातच राहिली. चहा तिने तोंड भाजेपर्यंत घाईने प्यायला आणि ती निघाली. दाराशी चप्पल घालताना मागे ठक् असा आवाज आला. लाकडावर लाकूड आपटल्यासारखा. तिने वळून पाहिलं नाही. न पाहण्यात ती आता चांगलीच तरबेज झाली होती.

६

शुक्रवारी सांगायचं ठरवलं, तर बाबा डॉक्टरांकडे गेलेले. शनिवारी सांगायचं ठरवलं, तर आत्या आलेली. निमित्तांना तोटा नसतो. एक हाक मारली की दहा येतात.

रविवारी दुपारी बाबा शेडमध्ये चिठ्ठी लिहीत बसले होते. घुमीने ती खांद्यावरून वाचली. 'मुलगी आठवीत' असं लिहून त्यांनी 'आठवीत' खोडलं होतं आणि 'नववीत' लिहिलं होतं.

"बाबा, किक मी लावली."

पेन्सिल थांबली.

"तुम्ही विसरला नव्हता. मी लावली. वाचनालयात सगळे हसले म्हणून. मीही हसले. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले."

ती फटक्याची वाट पाहत होती. बाबांनी कधी हात उगारला नव्हता, पण आज त्यांनी उगारला तर बरं होईल, असं तिला वाटत होतं. बाबांनी चिठ्ठी चुरगळली आणि दोन्ही हातांत तोंड धरलं. खांदे हलायला लागले. रडत नव्हते. हसत होते.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो," ते म्हणाले. "अगं, म्हणजे मी विसरलो नव्हतो!"

त्यांचा तो आनंद पाहणं फटक्याहून वाईट होतं.

मग हसू एकदम ओसरलं. "किक पुरती बसलीय? हलते?"

"सांधा दिसत नाही, बाबा. मी करवत घेऊन गेले होते. आणि मीटरवरचा आकडा वाढतोय. आणि बाई आज जाणार आहेत. गाडीवर."

या सगळ्याला कोणीही मोठं माणूस 'काहीतरीच' म्हणालं असतं. बाबांनी खिळ्यावरची करवत काढली आणि पायात चपला सरकवल्या.

७

बाईंचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत गाडी होती, जागच्या जागी, तोंड दाराकडे. बाई नव्हत्या. त्यांची खुंटीवरची पिशवी नव्हती. स्वयंपाकघरात कप धुऊन पालथा घातलेला.

किक खाली होती. घुमीने ती वर बसवली होती आणि सरसाने पक्की केली होती.

बाबांनी इंजिनावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. सगळे घेतात तसाच. पण लाकूड कोमट लागलं म्हणून नव्हे. त्यांनी तळवा पँटला पुसला आणि घुमीला म्हणाले, "तू हात लावू नकोस."

शेजारच्या काकू दारात आल्या. "गेल्या की त्या, अर्धा तास झाला. कोणी न्यायला आलं होतं वाटतं. केवढा तो आवाज, जुनी मोटारसायकल असणार. मी खिडकीशी येईपर्यंत वळणापलीकडे गेली."

"बाई गाडीवर बसून गेल्या, की चालत?" बाबांनी विचारलं.

"आता ते काही मी बघितलं नाही. आवाज मात्र इथूनच निघाला." काकू खोलीतल्या गाडीकडे पाहून हसल्या. "ही नव्हे हो! ही कुठली जाते!"

काकू गेल्यावर बाबांनी करवत किकच्या मुळाशी टेकवली.

"नको," घुमी म्हणाली. "कापली तर त्या परत कशा येतील?"

बाबांनी करवत बाजूला घेतली.

८

तीन दिवसांनी बाईंचा भाचा आला. शोध घेतला, कागद झाले, हवालदाराने वहीत लिहिलं: म्हातारी बाई, एकटी, कोणाबरोबर तरी गेली. भाचा वाईट माणूस नव्हता. थकला होता आणि त्याला कोणावर तरी चिडायला हवं होतं.

"तुमच्या या खेळण्याने मावशीचं डोकं फिरलं," तो बाबांना म्हणाला. "शेजारी सांगतात, दिवसभर किक मारल्याचा ठक् ठक् आवाज यायचा. नुसती शोभेची वस्तू होती ना? मग किक कशाला बसवलीत? तुमच्या गाड्यांत काहीतरी उणं असतं म्हणून फार ऐकलं होतं."

घुमी बाबांच्या मागे उभी होती. तिने तोंड उघडलं. बाबांनी मागे न बघता तिचं मनगट धरलं आणि दाबलं.

"माझी चूक," ते म्हणाले. "हल्ली विसरतो मी."

तिचंच वाक्य होतं ते. बाबांनी ते तिच्याभोवती गोधडीसारखं गुंडाळलं, आणि तिने ते गुंडाळू दिलं.

"गाडी घेऊन जा," भाचा म्हणाला. "मला ती डोळ्यांसमोर नको."

९

गाडी शेडमध्ये आली. बाबांनी पुन्हा कामं घ्यायला सुरुवात केली. कपाट, दोन दारं. चिठ्ठ्या गेल्या. त्या जागी पत्र्याच्या भिंतीवर सुताराच्या पेन्सिलीने आकडे यायला लागले. घुमी रोज शाळेत जाण्याआधी मीटर वाचायची आणि बाबा लिहायचे. ०००५२. ००१९०. ००६१३. आईला वाटायचं, मापं आहेत.

महिन्याभराने आकडा ०१०४० वर थांबला. चार दिवस तिथेच. पाचव्या दिवशी ०१०२२.

घुमीने तीनदा वाचलं. "बाबा, उतरतोय."

बाबांनी चष्मा लावून पाहिलं. "वळले वाटतं," ते म्हणाले आणि पेन्सिल शोधायला लागले.

त्या दिवसापासून घुमीने वाक्य तयार करायला घेतलं. बाई उतरतील तेव्हा म्हणायचं. 'बाई, किक मी लावली होती. बाबांनी नाही.' मोठ्याने, ऐकू जाईल असं. मग भाच्याला. मग, जमलं तर, वर्गात. आकडा खाली येत होता आणि तिच्या मानेवरचं ओझंही उतरत होतं.

एका रविवारी सकाळी तो ०००४१ वर आला. दुपारी ०००३०. बाबा जेवायला गेले होते. दोन दिवस दारं तासणं चाललं होतं, शेडभर भुसा उडालेला. गाडीची टाकी, हँडल, चाकं, सगळ्यांवर पिठासारखा थर. घुमी समोर पाटावर बसून वाक्य घोकत होती आणि घोकता घोकता तिचं लक्ष मागच्या सीटवर गेलं.

मागची सीट स्वच्छ होती.

पुसलेली होती. एक पट्टा पलीकडे, एक अलीकडे. दोनदा.

माणूस बसलेला असताना त्याच्याखालची सीट कोणी पुसत नाही. सीट पुसतात ती रिकामी असते तेव्हा. दुसऱ्या कोणाला बसवायचं असतं तेव्हा. तिने मीटर पाहिलं. ०००२८. आता एकच उतरायचा होता, आणि मग येणारा सत्तावीस तिचा होता. तो तर तिने स्वतः कोरून दिला होता.

"बाबा!"

ती हाक तीन घरं पलीकडे गेली असेल. बाबा खरकट्या हातानेच धावत आले.

"कापा, बाबा. आत्ता."

"अगं, पण बाई..."

"कापा! कापा ना!"

बाबांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. करवत चालायला लागली. आधी लाकडाचा आवाज येत होता, मग वेगळा, ओलसर. आणि त्यातच दुसरा आवाज मिसळला. रस्त्याच्या टोकाला, वळणाच्या जरा पलीकडे. जुन्या मोटारसायकलचा, दमदार, जवळ जवळ येणारा. घुमीने कान झाकले. करवत शेवटच्या रेषेतून बाहेर पडली, किक भुशात पडली, आणि वळणावरचा आवाज मधेच तुटला. लांब गेला नाही, बंद पडला नाही. तुटला.

रस्त्यावर जाऊन पाहायला हवं होतं. दोघांपैकी कोणीच गेलं नाही.

संध्याकाळी आई शिवणयंत्रावर बसली होती. "तुमच्या त्या शेडमध्ये कधी पाऊल टाकू नये," ती सुई ओवत म्हणाली. "कात्री शोधायला गेले सकाळी, हातात गिऱ्हाइकाचं पांढरं कापड. ठेवायला बोटभर स्वच्छ जागा नाही. त्या गाडीची मागची सीट पुसली, तर एकदा पुसून भागेना. दोनदा पुसावी लागली."

बाबांनी घुमीकडे पाहिलं नाही. तेवढी दया त्यांनी केली.

मीटर ०००२८ वर आहे. गाडी भिंतीकडे तोंड करून उभी आहे आणि आता तिच्यात एक उणं आहे, जसं पहिल्यापासून असायला हवं होतं. वळणावर त्या दुपारी कोण होतं, एक जण की दोघं, हे घुमी कोणाला विचारत नाही.

सोमवारी वर्गात सरांनी सत्तावीस पुकारलं. ती जागेवर होती, हात डेस्कवर, डोळे उघडे. आवाज फुटला नाही. सरांनी गैरहजर लिहिलं, आणि घुमीला ते बरोबर वाटलं.